दोनशे चार किलोमीटरचा वारा

आरिका ते पुंता अरेनास हे अंतर सरळ रेषेत तीन हजार आठशे पन्नास किलोमीटर आहे. हे मी कुठे वाचून सांगत नाही. भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरून मी स्वतः मोजलंय, तेही तीनदा, आणि तिसऱ्या वेळी दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या बायकोने, नोल्फाने, धरलं होतं. देशाच्या वरच्या टोकाला आम्ही, खालच्या टोकाला आमची मुलगी यास्ना, आणि मधे अख्खा चिली. लोकांच्या मुली फार तर पलीकडच्या गल्लीत जातात. आमची शिकायला म्हणून निघाली ती जमीन संपेपर्यंत गेली. पुढे समुद्र लागला म्हणून बरं.

जानेवारीत तिचा फोन आला. दांको नावाच्या मुलाशी ती लग्न करणार होती. एप्रिलमधल्या पहिल्या रविवारनंतरचा मंगळवार, विवाह नोंदणीचं ऑफिस, सकाळी अकरा.

"बाबा, साक्षीदार म्हणून सही तुझी हवी. येशील ना?"

"म्हणजे काय! येणारच!" मी म्हणालो.

त्यावर तिने मला तारीख आणि वेळ परत म्हणून दाखवायला लावली. का ते सांगतो, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. गेल्या सात वर्षांत मी दोनदा तिकडे जायला निघालो होतो आणि दोनदा घरीच राहिलो होतो. पहिल्यांदा तिचा पदवीदान समारंभ होता, तेव्हा आदल्या दिवशी माझी पाठ धरली. दुसऱ्यांदा तिने घर घेतलं, तेव्हा विमानतळावर संप झाला. दोन्ही वेळा नोल्फाही माझ्यासोबत राहिली, आणि दोन्ही वेळा यास्ना तिकडे विमानतळावर जाऊन उभी होती. मी भूगोलाचा मास्तर. चौतीस वर्षं मुलांना जगभर फिरवलं, पण स्वतः विमानात पाय ठेवलेला नाही. भीती वगैरे काही नाही. योग आला नाही, इतकंच मी लोकांना सांगत असे.

बसने जायचं तर चार दिवस, आणि मधे अर्जेंटिनात शिरून परत बाहेर यायचं. नोल्फाने तो विषय एका वाक्यात संपवला. "चार दिवस तुझ्या शेजारी बसायचं आणि तू दर गावाचे अक्षांश सांगणार. नको रे बाबा."

तर विमान. मी त्याच दिवशी तिकिटं काढली, म्हणजे हिंमत शिळी व्हायच्या आत. मग शाळेची एक कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं: 'हवेत काढावयाचा एकूण वेळ.' माणसाला किती सोसायचंय हे आधी कळलं की सोसता येतं, असं माझं मत आहे. दाताच्या डॉक्टरलाही मी आधी मिनिटं विचारतो.

आरिका ते सांतियागो: सोळाशे सत्तर किलोमीटर, दोन तास पंचेचाळीस मिनिटं. ठीक. सांतियागो ते पुंता अरेनास: दोन हजार एकशे ऐंशी किलोमीटर. निघणार दुपारी दोनला, पोचणार संध्याकाळी सहा पंचवीसला. म्हणजे चार तास पंचवीस मिनिटं.

इथे माझी पेन्सिल थांबली. अंतर जास्त फक्त पाचशे दहा किलोमीटर, आणि वेळ जास्त एक तास चाळीस मिनिटं? हिशोबाप्रमाणे साडेतीन तासांच्या आत पोचायला हवं. जवळजवळ एक तास जास्तीचा होता. तो तास विमान कुठे घालवतं?

ही शंका मी मनात ठेवायला हवी होती. पण संध्याकाळी चहाला शेजारचे उलिसेस आले. हे डोंगरापलीकडे बोलिव्हियातल्या लापासला जाणाऱ्या रेल्वेत आयुष्यभर गार्ड होते, त्यामुळे जे जे म्हणून हलतं त्यावर बोलायचा अधिकार त्यांच्याकडे आहे. त्यांनी अवोकाडो लावलेला पाव हातात घेतला, तिकिटाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"उतार आहे, मास्तर."

"कसला उतार?"

"दक्षिण म्हणजे खालीच ना? आमची गाडी डोंगरावरून खाली यायची तेव्हा ब्रेक दाबत यावं लागायचं. चढायला सोपं, उतरायला वेळ."

"उलिसेस, नकाशात खाली म्हणजे खरोखरचं खाली नव्हे."

"तुम्ही शिकलेली माणसं. मी आपलं अनुभवाचं सांगितलं," असं म्हणून त्यांनी दुसरा पाव घेतला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या एदुविनाबाईंनी स्वतःहून विषय काढला. म्हणजे बातमी रात्रीत आळीभर झाली होती. एदुविनाबाईंचा भाचा विमानतळावर सामान उचलतो, त्यामुळे विमान उडवण्याखेरीज बाकी सगळं त्यांना येतं.

"विमान मधेच गुपचूप उतरतं, मास्तर. मासे भरायला. सॅमन मासा. तुम्हाला सांगत नाहीत, कारण वास येतो."

"अहो, तिकिटावर थांबा नाही."

"मग गुपचूप म्हणजे काय असतं? आणि परतीचं पाहिलंत का?"

परतीचं मी पाहिलंच नव्हतं. घरी जाऊन पाहिलं आणि खुर्चीत बसलो. परतीच्या प्रवासात विमान तिकडून अकराला निघत होतं आणि सांतियागोला एक पंचवीसला पोचत होतं. दोन तास पंचवीस मिनिटं! जाताना चार पंचवीस, येताना दोन पंचवीस. तेच विमान, तेच अंतर.

उलिसेस म्हणाले, "म्हणजे तिथून विमानसुद्धा पळ काढतं."

मी विमान कंपनीला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, परत एक दाबा, बासरी ऐका. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात."

"बाई," मी म्हणालो, "मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला आहे. आरिका, सांतियागो आणि पुंता अरेनास ही तिन्ही गावं जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. वेळ पूर्व-पश्चिम बदलते. उत्तर-दक्षिण बदलत नाही. सहावीच्या पुस्तकात आहे."

"हो सर. पण स्थानिक वेळ..."

"एक मिनिट थांबा." मी नोल्फाच्या फोनवरून तिथल्या तिथे यास्नाला विचारलं, तुझ्याकडे किती वाजले? ती म्हणाली, सात वाजून दहा. माझ्या मनगटावर सात वाजून दहा. शाळेने निवृत्तीच्या दिवशी दिलेलं घड्याळ आहे ते, सेकंदाचीही चूक करत नाही.

"ऐकलंत? सारखीच वेळ," मी कंपनीच्या मुलीला म्हणालो. तिने मला शुभ प्रवास म्हटलं आणि बासरी परत सुरू झाली. मी जिंकलो होतो, पण तास काही सापडला नव्हता.

त्या रात्री मला उत्तर मिळालं, आणि न मिळतं तर बरं झालं असतं. वारा! पुंता अरेनासचा वारा सगळ्या देशाला माहीत आहे. तिथे चौकात माणसांना धरायला दोर बांधतात. मी गणित मांडलं. जाताना ताशी चारशे चौऱ्याण्णव, येताना ताशी नऊशे दोन. वजाबाकी करा, निम्मं करा: समोरून येणारा वारा, ताशी दोनशे चार किलोमीटर. उत्तर दोनदा तपासलं. गणितात चूक नव्हती. मी दिवा घालवला आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिलो.

"काय झालं?" नोल्फाने विचारलं.

"काही नाही. दोनशे चार."

"झोप, म्हाताऱ्या."

दोनशे चारच्या वाऱ्यात चार तास पंचवीस मिनिटं बसायचं, तर सवय केलेली बरी. फेब्रुवारीत मी सराव सुरू केला. स्वयंपाकघरातली खुर्ची, कमरेला पट्टा, समोर वही, मांडीवर घड्याळ. पहिल्या दिवशी वीस मिनिटं. मग चाळीस. नोल्फा माझ्याभोवती केर काढायची आणि म्हणायची, "वैमानिक, पाय वर." मार्चच्या मध्यापर्यंत मी तीन तासांवर गेलो होतो. आळीतली माणसं खिडकीतून डोकावून विचारायची, कुठवर आलात मास्तर? मी वहीत बघून सांगायचो, आत्ता पुएर्तो मोंत्त बंदर. एदुविनाबाई लगेच ओरडायच्या, "मासे भरले का?"

माणसाची थट्टा किती सहन करावी याला मर्यादा असते, पण मी सहन केली. मंगळवार, अकरा वाजता, ऑफिसातल्या त्या रजिस्टरवर माझी सही व्हायला हवी होती. बाकी जगाने काय म्हणायचं ते म्हणावं.

घात उलिसेसांनी केला. ते म्हणाले, "मास्तर, नुसतं बसून काय उपयोग? हादरे कुठायत?" आणि त्यांनी मागून खुर्चीची पाठ धरून गदागदा हलवायला सुरुवात केली. रेल्वेचा माणूस, हातात जोर. मी "पुरे, पुरे" म्हणत होतो, ते "हा तर अजून साधा वारा" म्हणत होते. तेवढ्यात खुर्चीचा मागचा पाय मोडला. पट्टा बांधलेला, त्यामुळे मी खुर्चीसकट आडवा झालो आणि उठताच येईना.

पाठ धरली. खरोखर, डॉक्टरच्या सहीनिशी पाठ धरली.

आता हे यास्नाला कसं सांगायचं? दोन दिवस मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, आणि बोलता बोलता कूस बदलताना मी कण्हलो.

"काय झालं बाबा?"

"काही नाही गं. जरा पाठ..."

पलीकडून तिथल्या वाऱ्याचा आवाज येत होता.

"पाठ," ती म्हणाली.

"यास्ना, या वेळी खरीच आहे. उलिसेसांना विचार. डॉक्टरची चिठ्ठी आहे!"

"बरं. बाबा, मी रागावले नाहीये. खरंच नाही. दुसरा साक्षीदार बघते. फक्त यापुढे मी तुला बोलावणार नाही. बोलावलं की तू आजारी पडतोस, आणि मला ते बघवत नाही."

फोन ठेवल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडलो. चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला इतकं नीट नापास केलं नव्हतं. नोल्फा पलंगाच्या कडेवर बसली.

"आता?"

"आता जायचं," मी म्हणालो. "पट्टा बांधून, झोपून, उभ्याने, कसंही. पण जायचं."

तसं मी यास्नाला निरोपही पाठवला: येतोय, नक्की. तिचं उत्तर एका शब्दाचं होतं. "बरं."

निघायच्या आदल्या दिवशी शनिवार. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे घड्याळं एक तास मागे घेतात, तशी आम्ही झोपण्यापूर्वी घेतली. नोल्फाने भिंतीवरचं घेतलं, मी मनगटावरचं. त्यावर मी थोडंसं व्याख्यानही दिलं, की सरकार सूर्याला तास शिकवायला निघालंय. नोल्फा तेव्हा तोंडाला पदर लावल्यासारखी रुमाल लावून हसली होती. मला वाटलं, विनोद आवडला.

रविवारी सगळी आळी दारात उभी. उलिसेसांनी ओशाळून माझी बॅग उचलली. एदुविनाबाईंनी कानात घालायला कापसाचे बोळे दिले. "वर गेल्यावर कान फुटतात मास्तर, आधीच गच्च बसवा." शिवाय यास्नासाठी चार किलो पेरू दिले. ते विमानतळावरच्या फळतपासणीत गेले. आमच्या भागातलं ताजं फळ दक्षिणेकडे नेऊ देत नाहीत, हे आळीत सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवेळी कोणीतरी देतंच. नोल्फाने बरोबर घेतलेली ऑलिव्हची बरणी तेवढी सुटली.

सांतियागोपर्यंतचा प्रवास मी डोळे मिटून केला, त्यामुळे त्याचं वर्णन नाही.

दोन वाजता दुसरं विमान उडालं. मी मधल्या सीटवर, नोल्फा खिडकीशी, पलीकडे टोपी घातलेला एक तेलविहिरीवरचा कामगार. कानात बोळे गच्च, पाठीला पट्टा, मांडीवर वही, डोळे घड्याळावर. वहीत मिनिटामिनिटाचं वेळापत्रक होतं. तीन पस्तीसला अमुक ज्वालामुखी, चारला अमुक तळं. दोनशे चारचा वारा कुठे लागतोय याची मी वाट बघत होतो. विमान आपलं घरच्या खुर्चीपेक्षाही गुण्यागोविंदाने चाललं होतं. मला ते अजिबात आवडलं नाही. येणारं संकट वेळेवर आलं नाही की माणूस जास्त घाबरतो.

चार पंचावन्न झाले. वहीप्रमाणे अजून दीड तास. आणि त्याच क्षणी विमानाचं नाक खाली गेलं.

मी आधी स्वतःला समजावलं, की भास असेल. पण पोटाने कळवलं की भास नाही. विमान खाली चाललं होतं. खिडकीतून ढग वर जाताना दिसत होते. लाउडस्पीकरवर कोणीतरी काहीतरी सांगत होतं, बोळ्यांमुळे मला फक्त गुणगुण ऐकू येत होती, आणि त्या गुणगुणीतसुद्धा मला गांभीर्य जाणवलं. दीड तासाचा रस्ता बाकी असताना विमान खाली का जातं? याचं एकच उत्तर असतं.

नोल्फा झोपली होती. मी तिचा हात धरला.

"म्हातारे, ऊठ. पडतोय आपण."

तिने डोळे उघडले, काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही.

"बोलू नकोस. वेळ कमी आहे. ऐक. पहिल्या वेळी माझी पाठ दुखत नव्हती."

तिने ओठ हलवले. ते मला वाचता आले: "माहीत आहे."

"दुसऱ्या वेळी संप नव्हता."

"माहीत आहे."

"मला भीती वाटते, नोल्फा. मला उडायची पहिल्यापासून भीती वाटते. मी पोरीला सात वर्षं उभं केलं त्या विमानतळावर. तिला सांग, या वेळी मी निघालो होतो. सांगायला तू उरलीस तर. आणि तुझ्या आईचं ते मातीचं भांडं मांजराने नाही, मी फोडलं."

यावर मात्र ती ताठ बसली, आणि तिने माझ्या दोन्ही कानांतले बोळे उपटून काढले. तेव्हा मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे आजूबाजूला पूर्ण शांतता होती. दुसरी म्हणजे, कानात बोळे असलेला माणूस वर्गात शिकवल्यासारखा बोलतो. पुढच्या पाच रांगा वळून आमच्याकडे बघत होत्या. टोपीवाल्याने खिशातून एक गोळी काढून माझ्यापुढे धरली. "घ्या, आजोबा. लिंबाची आहे."

थोड्या वेळाने चाकं जमिनीला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमानासाठी की माझ्यासाठी, मी विचारलं नाही.

"पण हे पुंता अरेनास नाही," मी म्हणालो. "पाच पंचवीसच झालेत. एक तास बाकी आहे!"

नोल्फाने तिचा फोन माझ्या नाकासमोर धरला. त्यात सहा पंचवीस वाजले होते.

"काल रात्री आपण घड्याळं मागे घेतली ना? यांनी नाही घेतली. इथे हिवाळ्यात मागे घेतच नाहीत. दर हिवाळ्यात टीव्हीवर रोज सांगतात, इकडच्या मागायानेस प्रांतात एक तास पुढे. तू स्वतः त्या बातमीवर चिडून टीव्ही बंद करतोस."

खरं होतं. दर एप्रिलमध्ये मी चिडायचो, सप्टेंबरमध्ये परत सगळी वेळ एक व्हायची आणि मी विसरायचो. जानेवारीत तर सगळा देश विसरलेला असतो. जाताना वाढलेला आणि येताना घटलेला तास तो हाच; फोनवरची ती मुलगी बरोबर होती, आणि मी वाऱ्याला दोनशे चारचा आकडा चिकटवून बसलो होतो.

"तुला माहीत होतं?"

"कालच्या बातम्यांत ऐकलं तेव्हा लक्षात आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"चार तास पंचवीस मिनिटांची हिंमत गोळा करायला तुला तीन महिने लागले," ती म्हणाली. "त्यातला तास काढून घेतला असता तर सगळंच मोडलं असतं. म्हटलं, उरली तर उरू दे, परतीला लागेल. आणि त्या भांड्याबद्दल आपण घरी गेल्यावर बोलू."

बाहेर येण्याच्या दाराशी यास्ना नव्हती. एक उंच, लाजरा मुलगा उभा होता, आणि त्याच्या हातात पुठ्ठ्याची पाटी होती. पाटीवर रंगीत अक्षरांत फक्त 'आई-बाबा' असं लिहिलेलं. रंग उडाला होता, कोपरे मऊ पडले होते. ती पाटी मी ओळखली नाही, कशी ओळखणार? नोल्फाने आमच्या होणाऱ्या जावयाला, दांकोला, विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पहिल्या वेळी तिने केलेलीच आहे. दुसऱ्या वेळीही हीच होती. या वेळी ती म्हणाली, तू जा, मला तिथे पुन्हा उभं राहवत नाही."

मग त्याने फोन लावला. "आलेत. हो, दोघंही. अगं हो, बाबासुद्धा. माझ्यासमोर उभे आहेत. जरा वाकडे उभे आहेत, पण आहेत."

त्याने फोन माझ्या हातात दिला. मी वहीभर वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एक आठवेना.

"बाबा?"

"हो गं."

"तिथेच थांब. हलू नकोस. मी येतेय."

गाव तिथून वीस किलोमीटर. मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं आणि मग ते मनगटावरून काढून एक तास पुढे केलं. ती बावीस मिनिटांत आली. डोक्यावर अर्ध्या केसांना कुरळे करायच्या गुंडाळ्या लावलेल्या, अर्धे मोकळे, पायात घरातल्या सपाता. लग्नाचे केस करून बघत होती म्हणे. दारातून आत आली, मला नखशिखांत पाहिलं, पाठीच्या पट्ट्याला हात लावून बघितला.

"खरंच दुखतेय की पाठ!" ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली.

मंगळवारी अकरा वाजता सही केली. त्यांच्या अकरा वाजता.

आरिकाला परतल्यावर मी आळीत सगळं सांगितलं. वाऱ्याचंही सांगितलं. तिथला वारा इतका बोचरा, की मुलगी भेटली तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, बघणाऱ्याला वाटावं हा माणूस रडतोय. उलिसेसांनी गंभीरपणे मान डोलावली, एदुविनाबाईंनी "असतोच तिथला वारा" म्हटलं. नोल्फा कपात चहा ओतत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तेव्हा आम्ही इमारतीच्या आत होतो."